गोताचं चाक

अवसेच्या दिवशी आमच्या आळीत हत्यार उचलायचं नाही, असा रिवाज होता. एरवी उजाडल्यापासून वाकस, करवती आणि हातोड्यांचा इतका गलका असे, की शेजारणीकडे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. अवसेला मात्र सगळं चिडीचूप. पुरुषमाणसं ओट्यावर पाय सोडून बसत, पान जमवत आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगत. मला तो दिवस खायला उठायचा. मी उगाच आतबाहेर करायची, घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. आई म्हणायची, "देवाने हिच्या पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडलीय." तिचं काही खोटं नव्हतं. मला पनवेलमधून निघायचं होतं, आणि हे मी कुणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं.

आमची आळी गाडीची चाकं करणाऱ्या सुतारांची. पनवेलची चाकं तेव्हा दूरवर जात. घाट उतरून बंदराकडे येणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबत, आणि घाटाने ज्या गाडीची हाडं खिळखिळी केलेली असत ती इथे नीट होऊन पुन्हा वर चढे. आळीतल्या सगळ्या कारखान्यांचं मिळून एक गोत होतं. गोत म्हणजे धंद्याची पंचायत. चाक किती उंच करायचं, शिकाऊ माणसाच्या हातात लाकूड तासायचा वाकस कधी द्यायचा, कुणाचं गिऱ्हाईक कुणी पळवलं, सगळं गोत ठरवी. हे गोत किती जुनं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या मास्तरांनी एकदा वर्गात सांगितलं, की फार पूर्वीच्या काळी कारागिरांच्या अशा श्रेणी असत आणि त्यांनी केलेली दानं लेण्यांच्या दगडात कोरून ठेवलेली आहेत. मी मोठ्या फुशारकीने ते घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "कोरून कशाला ठेवायचं? दिलं की विसरायचं असतं."

विसरण्याची सोय आमच्या गोताने फार पक्की करून ठेवली होती. कुणा सुताराचं घर अडलं, म्हणजे कर्ता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, की गोत त्या घराला चाकांची एक जोडी द्यायचं. त्याला म्हणायचे गोताचं चाक. अवसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आळीतली सगळी दारं बंद व्हायची. मग एकेका कारखान्यातून एकेक माणूस निघायचा आणि अडलेल्या घराच्या ओट्यावर चाकाचा एकेक भाग ठेवून यायचा. कुणी मधला तुंबा ठेवायचा, कुणी त्यात बसणारे आरे, कुणी कडेचे पाटे. कुणी काय ठेवलं ते बघायचं नाही आणि विचारायचं नाही, म्हणजे पुढे कधी भांडण झालं तर कुणी कुणाला ऐकवायला नको. दुसऱ्या दिवशी सगळं गोत जमून ती चाकं जुळवायचं. ज्या दिवशी स्वतःसाठी हत्यार उचलायचं नाही त्या दिवशी दुसऱ्यासाठी उचलायचं. शेवटी तुंब्यावर ठसा मारायचा तो अडलेल्या घराचा. ठसा पडला की चाक त्या घराचं झालं. त्याला भीक म्हणायची कुणाची छाती नव्हती. घराने ते विकावं आणि आपला पावसाळा काढावा.

आणखी एक नियम होता, आणि ही सगळी हकिकत त्याच नियमाची आहे. ओट्यावर आलेला भाग ठोकून बघायचा नाही. चाक करणाऱ्याच्या हातात लाकूड आलं की तो आधी ते ठोकतो. वाळलेलं, पक्कं लाकूड खणखणीत बोलतं. ओलं किंवा आतून किडलेलं असेल तर बद्द आवाज येतो. आमचे बाबा बाजारातून लाटणं आणलं तरी उंबऱ्यावर ठोकून घ्यायचे. पण गोताचा आरा ठोकणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. तो गुन्हा आळीत कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

आमच्याच ओट्यावर ही जोडी येईल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या वर्षी शिमगा झाल्यावर बाभळीचा एक ओंडका घरंगळला आणि बाबांच्या उजव्या हातावर आला. हाड जुळलं, सूज उतरली, पण बोटं मिटेनात. वाकस धरला की निसटून पडायचा. बाबा तो पुन्हा उचलायचे, पुन्हा निसटायचा, आणि मग ते आईवर खेकसायचे की आमटी खारट झालीय. आमटी सकाळची असायची आणि सकाळी त्यांनी ती दोनदा वाढून घेतलेली असायची.

मी तेव्हा एकोणिसाची होते. मुंबईच्या एका इस्पितळाने मला नर्सिंगच्या शिक्षणाला घ्यायचं कबूल केलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी हजर व्हायचं होतं. राहणं-जेवण त्यांच्याकडे, म्हणजे माझा भार घरावर नव्हता. पण घरात मी एकटीच, पाठचं-पुढचं कुणी नाही. मी शिवणाची कामं घ्यायची, त्यावरच सध्या चूल पेटत होती. मी गेले तर आईबाबांनी काय खायचं? मी दिवसभर हाच हिशेब घोळवायची, आणि तो सुटत नसे म्हणून चिडचिड करायची. बाबांचा हातही मला आपल्याविरुद्ध केलेला कट वाटायचा, इतकी मी तेव्हा उतावळी होते.

एका संध्याकाळी गोताचे म्होरके, ज्यांना सगळे थोरले मेस्त्री म्हणत, ओट्याशी येऊन उभे राहिले. "येत्या अवसेला तुमच्याकडे," एवढंच म्हणाले. बाबांनी खाली बघून "बरं" म्हटलं. आजवर प्रत्येक गोताच्या चाकाला बाबांनी आरा दिला होता. तो निवडायला ते इतके दिवस लावायचे की आई म्हणायची, "मुलीसाठी स्थळ शोधताय की लाकूड?" घरात असलेला तिवसाच्या कणखर लाकडाचा सगळ्यात चांगला तुकडा ते त्यासाठी बाजूला काढायचे. अशा माणसाला "बरं" म्हणताना काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की जोडी विकली की पावसाळ्याचं भात घरात येईल आणि मी सुटेन.

अवसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दार लावून आत बसलो. दिवा मंद केला होता. बाहेर पावलं वाजायची, ओट्यावर काहीतरी टेकवल्याचा आवाज यायचा, पावलं परत जायची. गुप्तपणा म्हणाल तर तो असा: थोरले मेस्त्री खोकत आले आणि खोकत गेले. समोरच्या कारखान्यातल्या काकांच्या वहाणा करकरल्या. कोपऱ्यावरच्या घरातला पुतण्या ठेचकाळला आणि त्याने ओट्यालाच शिवी दिली. मला हसू आवरेना. मी फटीला डोळा लावायला उठले तर आईने पदर धरून खाली बसवलं. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, बांधलेला हात मांडीवर. एकदा बाहेर काही टेकवलं गेलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. थोड्या वेळाने पुन्हा पडली. हात ठणकत असेल, असं मला वाटलं.

सकाळी माणसं जमायच्या आधी मी ओटा झाडायला गेले. गोणपाटाखाली सगळं रचून ठेवलेलं होतं. मला गप्प बसवेना. सुताराच्या घरात वाढलेल्या पोरीला लाकूड दिसलं आणि तिने ते ठोकलं नाही, हे व्हायचं कसं? मी झाडूचा दांडा उलटा धरला आणि हळूच एकेका आऱ्यावर मारत गेले. खणखणीत. खणखणीत. मग एक बद्द. पुढचाही बद्द. मी घाबरून इकडे तिकडे बघितलं आणि उरलेलेही ठोकले. चारपाच आरे कच्चे होते. एकातून तर ठोकल्यावर पिठासारखी भुकटी गळली.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. बाबा चहा पीत होते. "बाबा, फसवलंय आपल्याला. किडके आरे दिलेत."

"ठोकलेस?"

"हो, ठोकले!"

मला वाटलं आता कानाखाली बसते. पण बाबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ठोकायला कशाला पाहिजे होतं? काल ओट्यावर टेकवले तेव्हाच ऐकलं मी."

आई चुलीपुढून वळली. "मग आता हो?"

"आता काही नाही. जुळवतील, ठसा मारीन. कुणाला बोलायचं नाही."

"पण तुमचा ठसा!" मी म्हणाले. "चाक मोडलं तर तुमचं नाव जाईल. गाडीखाली माणूस सापडला तर?"

"लोकांनी असलेल्यातलं दिलंय. सगळं चांगलं लाकूड ठेकेदार उचलतो, गिऱ्हाईक रबरी टायरकडे पळतंय. ज्याच्याकडे एक बरा तुकडा उरलाय त्याने तो विकायचा, का गोताला द्यायचा?"

"तुम्ही द्यायचात."

बाबांनी रिकामी बशी उचलून पालथी घातली आणि ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुला जायचंय ना? मग गप्प बस." माझ्यासाठी ते आपला ठसा किडक्या लाकडावर मारायला निघाले होते. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि तरी मनात कुठेतरी मी पेटी भरत होते, हेही खरं.

गोत जमलं. अंगणात चाकं जुळली. लोहाराने शेणी रचून चाकाभोवतीची लोखंडी धाव लाल केली, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवली, पाणी ओतलं तशी लाकडं करकरून आवळली गेली. सगळे "वा, वा" म्हणाले. सगळ्यांचे डोळे चाकावर होते, एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. बाबांनी डाव्या हाताने ठसा मारला. तो जरा तिरका पडला.

गोताची जोडी बहुतेक वेळा डोंगराखालच्या नेरे गावचा एक आगरी शेतकरी घ्यायचा. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. तो भाताची पोती घेऊन आला, ओट्यावर उतरवली, चाकं गाडीत आडवी घातली. मला राहवलं नाही. बाबा आत गेल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "काका, ही चाकं लावून डोंगराकडे जाऊ नका. ओझं घालू नका फार."

तो हसला. "बरा, बरा. नाय जात."

भात आलं, पण मला स्वस्थता आली नाही. रस्त्याने गाडी गेली की मी काम टाकून कान द्यायची. कुठे अपघाताची बातमी आली की गाडी कुठली, बैल कुणाचे, असं खोदखोदून विचारायची. भात शिजलं की घास तोंडात फिरायचा. निघायचा दिवस जवळ येत होता आणि मला काही भरायला सुचत नव्हतं. शेवटी एके सकाळी करवंदं आणते असं सांगून मी टोपली घेतली आणि नेऱ्याची वाट धरली.

शेतकऱ्याची बायको अंगणात भात पाखडत होती. गाडी गोठ्याशी उभी होती, आणि तिला चाकं दुसरीच. आमची जोडी कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. बाबांचा तिरका ठसा मी लांबूनच ओळखला. तिच्या शेजारी आणखी चाकं होती, जुनी, धुळीने माखलेली, धावेवर गंज चढलेली. एका चाकाच्या आऱ्यांमध्ये कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"ही सगळी आमच्या आळीची?" मी विचारलं.

"गोताची," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "आमचे सासरं हुते तवापासून येतान. गोताचा चाक गारीला लावाचा नाय, असा त्यांचा सांगना. कवा कसा निगंल, काय सांगाचा? पन घराला भात तर द्याला पायजे. मंग चाक घेवाचा आनि ठेवाचा."

"आमच्या लोकांना माहीत आहे हे?"

"कोनी इचारला नाय, आमी सांगला नाय."

तिने मला पाणी दिलं, गूळ दिला, दुपारचं जेवून जा म्हणाली. मी थांबले नाही. आमची आळी काय होती? पिढ्यान्पिढ्या चोरपावलांनी ओट्यावर लाकडं ठेवत होती, अवसेला अंगण गजबजवत होती, ठसे मारत होती, आणि भीक नाही, भीक नाही म्हणून छाती फुगवत होती. आणि हा डोंगराखालचा शेतकरी आम्हाला भात घालत होता आणि आमची चाकं कोंबड्यांना. मला हसावं की रडावं कळेना. अर्ध्या वाटेवर आठवलं की टोपली रिकामीच आहे.

घरी येऊन मी सगळं सांगून टाकलं. सांगायच्या आधी विचार करावा, हे मला तेव्हा जमत नसे आणि आताही फारसं जमत नाही. बाबा ऐकत राहिले. मधेच त्यांनी विचारलं, "जुनी चाकंही आहेत?"

"आहेत."

"म्हणजे माझे आरेही आहेत त्यांत."

"असतील."

"एकही चाललेला नाही?"

मी मानेनेच नाही म्हटलं. बाबांनी आयुष्यात निवडलेलं सगळ्यात चांगलं लाकूड त्या भिंतीला टेकून होतं. किडकं लाकूड त्यांनी पोटात घातलं होतं, तिरका ठसा पोटात घातला होता, पण हे त्यांना सोसेना. त्यांचा चेहरा असा लाल झाला की आईने पाणी आणलं. "चाक चालत नाही आणि भात घेतलं!" ते ओरडले. "मग ते चाकाचं भात नाही. भीक खातोय आपण. काढ माझी पिशवी."

हाताला इजा झाल्यापासून बाबा आळीबाहेर पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पिशवी डाव्या खांद्यावर टाकून नेऱ्याला निघाले आणि मी मागून. शेतकऱ्याला वाटलं हे चाक परत मागायला आले. तो दुखावला. "मेस्त्री, दिला तो दिला. चाक आता माजा हाय."

"तुझंच आहे," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुझ्या गाडीला लागलं पाहिजे. धाव काढायला माणसं बोलव."

घराच्या मेढीसाठी, म्हणजे मधल्या खांबासाठी, शेतकऱ्याने तिवसाचं एक खोड माळ्यावर वाळवून ठेवलं होतं. बाबांनी ते ठोकलं. घरातली सगळी माणसं त्या आवाजाने बाहेर आली. शेतकरी थोडा कुरकुरला, बायकोने डोळे मोठे केले, आणि खोड खाली आलं. मग सुरू झाली माझी शिकवणी. बाबांचा डावा हात लाकूड धरायचा आणि उजवा हात मी होते. "तास! खाजवतेस काय त्याला? मांजर आहे का ते?" असं ते ओरडायचे. मी उलट ओरडायची, "मग तुम्हीच करा!" आणि मग वाकस पुन्हा मीच उचलायची, कारण ते त्यांना करता येत नव्हतं. माझ्या तळव्यांना फोड आले. रोज सकाळी जायचं, ऊन उतरलं की परतायचं. शेतकरीण आम्हाला भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढायची आणि बाबा ते बिनबोभाट खायचे. ते खाणं त्यांना भीक वाटत नव्हतं.

ही बातमी आळीत गेलीच. गोत बसलं. थोरले मेस्त्री आधी फार संतापले, कारण पोरीने गोताचा आरा ठोकला होता. बाबा म्हणाले, "तिने झाडूने ठोकला. मी असतो तर हातोड्याने ठोकला असता. आपली चाकं कुठं आहेत ते नेऱ्याला जाऊन बघा, मग मला वाळीत टाका." थोरले मेस्त्री खरंच जाऊन आले. त्या वर्षापासून गोताला दिलेला प्रत्येक भाग सगळ्यांसमोर ठोकायचा, असं ठरलं. ज्याच्याकडे चांगलं लाकूड नसेल त्याने अंगमेहनत द्यायची, लाज बाळगायची नाही. पुढे चाकांचा जमाना सरला, ट्रक आले. तरी गोत आहे. आता ते अवसेला जमून शाळांचे बाक करतं, जळलेल्या झोपडीला दारं करून देतं, आदिवासी पाड्यावरच्या दवाखान्यातल्या खाटा नीट करतं. मी सुट्टीला गेले की तो ठोकाठोकीचा आवाज ऐकते. काही जुनी माणसं अजून नाकं मुरडतात, की पूर्वीचा मान राहिला नाही. राहिला नाही तर नाही.

पण तेव्हा मला यातलं काही दिसत नव्हतं. माझा जायचा दिवस समोर येऊन ठाकला होता आणि चाक पुरं झालं नव्हतं. एक आरा बसायचा राहिला होता, त्यानंतर धाव पुन्हा चढवायची होती. इतके महिने "मला जायचंय, मला जायचंय" म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता मला ते अर्धं चाक सोडून पाय उचलवेना. मी म्हणाले, "इस्पितळाला कळवते, आठ दिवस उशिरा येते म्हणून."

"तुझ्यावाचून अडलंय काय?" बाबा म्हणाले.

"अडलंय! तुम्हाला एका हाताने येणार नाही."

"इथे काय हातांचा दुष्काळ आहे? ही बाई धरेल." त्यांनी शेतकरणीकडे बोट केलं. तिने पदर खोचला. "उद्या तू इकडे यायचं नाही. घरी बस, पेटी भर."

मला हाकलल्यासारखं वाटलं. दुसरा दिवस मी घरात येरझारा घालण्यात काढला. पेटी भरली, उपसली, पुन्हा भरली. आईने लाडू केले आणि माझ्याकडे बघून बघून डोळे पुसले. मला तेही सहन होईना. दिवे लागले तरी बाबा आले नाहीत. शेजाऱ्याने निरोप आणला, की ते नेऱ्यालाच राहिलेत. म्हणजे मी जाताना ते घरीही नसणार. मी आईला म्हणाले, "बघ, त्यांना चाकाचं पडलंय." आई म्हणाली, "तुझंच पडलंय गं बाई," पण मला ते पटलं नाही.

सकाळी पेटी उचलून मी ओट्यावर आले तर आळीच्या तोंडाशी गाडी. शेतकरी हाकत होता, बाबा शेजारी बसले होते, दाढी वाढलेली, अंगभर भुसा. गाडीला आमची जोडी होती. आळीतली माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली. थोरले मेस्त्री रस्त्यातून बाजूला झाले. शेतकरी म्हणाला, "चल बाय, बस. पैला वझा तुजाच."

आईच्या पाया पडून मी पेटीवर बसले. एस.टी. स्टँड काही लांब नव्हता, पण बाबांनी गाडी तलावाच्या बाजूने, खड्ड्यांच्या रस्त्याने न्यायला लावली. ते सगळा वेळ बाहेर वाकून चाकाकडे कान देऊन होते. मला किती तरी बोलायचं होतं. हात शेकत जा, आईवर ओरडू नका, असलं काहीबाही. मी "बाबा" म्हटलं की ते हात वर करून मला गप्प करायचे. गाडी खड्ड्यात आपटली, वर आली, आणि ते नुसते "हं" म्हणाले.

स्टँडवर ठाण्यावरून मुंबईला जाणारी गाडी उभीच होती. शेतकऱ्याने पेटी टपावर चढवली. मी बाबांच्या पायांना हात लावला, त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्याला स्पर्श केला न केला तोच ते वळून बैलगाडीकडे गेलेसुद्धा. मी खिडकीशी बसले. बाबा चाकाजवळ उकिडवे बसून एकेका आऱ्यावरून बोटं फिरवत होते, पाठ माझ्याकडे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी हाक मारली. ऐकू गेलं असणार, कारण त्यांची बोटं थांबली. मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की त्यातलं काय आधी आलं ते सांगता येणार नाही.

शेतकऱ्यालाही राहवलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, "अवो मेस्त्री, पोर चालली! बगा तरी तिच्याकरं!"

बाबा न वळता म्हणाले, "बघितलं तर उतरेल ती."

कंडक्टरने घंटी मारली. मी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून ठेवला आणि उतरले नाही.